आंब्याखाली वाफा करायचा असेल तर

दापोलीहून आसूदची वळणं उतरून मुरुड-हर्णैकडे निघालं की दोन्ही अंगांना नवी घरं लागतात. कुणाचं निवृत्तीनंतरचं, कुणाचं शनिवार-रविवारचं, कुणाचा होमस्टे. घरं वेगवेगळी, पण अंगणं एका छापाची. जुना आंबा, त्याच्याभोवती चिऱ्यांचा गोल कट्टा, कट्ट्यात काठोकाठ लाल माती, मातीत क्रोटन नाहीतर कर्दळ, आणि वर पसरलेले पांढरेशुभ्र खडे. संध्याकाळ झाली की खोडाला खिळे मारून लावलेले दिवे पेटतात. खडे आणि दिवे या दोन विषयांवर मला बोलतं करू नका, पोस्ट तिथेच संपेल.

मी याच पट्ट्यात लोकांच्या बागा करून देते. घरी छोटी नर्सरी आहे आणि सासऱ्यांच्या हातची हापूसची कलमं आहेत, त्यामुळे आंबा हा विषय लग्न झाल्या दिवसापासून जेवणाच्या पानावर असतो. "ताई, झाडाभोवती जरा फुलझाडं लावून द्या" हे काम मी आनंदाने घेते. झाडाखाली वाफा असण्यात वाईट काही नाही. सावली आहे म्हणून रोज झाडाखाली गाडी लावायची, किंवा लॉन करून ग्रास कटरच्या दोरीने बुंध्याची साल तासत राहायची, त्यापेक्षा वाफा कधीही बरा. वाफा असला की माणूस तिथे पाय ठेवत नाही, हाच झाडाचा मोठा फायदा. पण कट्टा बांधून आत माती भरायचं काम मी घेत नाही. का घेत नाही हे फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

गोंधळाचं मूळ शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात आहे. जमिनीवर झाड, जमिनीखाली तेवढंच उलटं झाड, मधोमध सरळसोट खाली गेलेलं सोटमूळ. ते डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे वाटतं, मुळं काय ती पाताळात, वरच्या फूटभर मातीत आपण काहीही केलं तरी झाडाला पत्ता लागणार नाही. आंब्याला सोटमूळ असतं, आणि खोल माती मिळाली तर ते चांगलं खाली जातं, हे खरंच आहे. पण झाडाचं रोजचं खाणंपिणं बघणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटात सगळ्यात दाट असतात. हवा तिथे, कुजलेला पाला तिथे, पावसाचं पहिलं पाणीही तिथेच. आणि ती फांद्यांच्या घेरापाशी थांबत नाहीत, त्याच्या कितीतरी बाहेरपर्यंत जातात.

विश्वास बसत नसेल तर मोहोरासाठी हापूसला कल्टार नावाचं औषध घालणाऱ्या कुणालाही विचारा. ते औषध बुंध्यावर कुणी ओतत नाही. झाडाच्या विस्ताराच्या निम्म्या अंतरावर गोलाकार पंचवीस-तीस खळगे मारायचे आणि त्यात द्रावण सोडायचं, ही पद्धत. खळगे किती खोल? चार-पाच इंच. एवढ्या वर पिणारी मुळं असतात हे बागायतदाराला पक्कं ठाऊक आहे. तोच बागायतदार घरापुढच्या आंब्याला मात्र दोन फूट मातीचा कट्टा करून मागतो, तेव्हा मला हसावं की काय ते कळत नाही.

ज्यांनी 3 जून 2020 नंतरचे दिवस इथे काढले त्यांना हे शिकवायची गरजच नाही. निसर्ग वादळ धडकलं ते वर श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला, पण केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड कुणीच सुटलं नाही. माड, पोफळी, आंबे, फणस आडवे. वीज नाही, रस्ते बंद, आणि जिकडे तिकडे उपटलेल्या झाडांचे बुंधे आकाशाकडे. तेव्हा पडलेल्या आंब्यांच्या मुळांकडे मी जवळ जाऊन बघितलं होतं. उभी करून ठेवलेली परात असावी तशी ती मुळांची थाळी: रुंदीला चांगली ऐसपैस, जाडीला जेमतेम कमरेएवढी. खाली जांभ्याचा कातळ लागला तिथे मूळ काटकोनात वळून आडवं पळालेलं. कातळाला जिथे फट सापडली तिथेच एखादं खाली शिरलेलं. आणि काही झाडांना एका बाजूला मुळंच नव्हती. कधीकाळी गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, पाडून पक्कं कंपाउंड घातलं तेव्हा पायाच्या चरात ती तुटली होती. तुटक्या टोकांचा काळा, भुसभुशीत कोळसा झाला होता.

कट्ट्याचा पहिला घाव हाच. भिंत म्हटली की पाया आला, पाया म्हटला की चर आला. बुंध्यापासून तीन-चार फुटांवर गोल फिरवून फूटभर खोल चर मारला की झाडाला चारही बाजूंनी कापून काढल्यासारखं होतं, कारण जाड, आधार देणारी मुळं नेमकी त्याच अंतरात जमिनीलगत असतात. गवंड्याला ती मध्ये आली की तो कोयता काढतो. त्याची चूक नाही, त्याला सरळ भिंत हवी असते.

दुसरा घाव मातीचा. मुळं श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीतून त्यांना हवा मिळते. वर फूट-दीड फूट नवी माती आली की खालच्या मुळांची हवा तुटते. त्यात आपली तांबडी माती डंपरने येते, मजूर ती पायाने तुडवून बसवतात, आणि मग जूनपासून चार महिने तिच्यावर पाऊस कोसळतो. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात सिमेंटच्या गोल टाकीत माती भरून ठेवली तर आत काय होईल, सांगा. पाणी निघायला वाट नाही, हवा शिरायला वाट नाही.

आणि तिसरा घाव सालीवर. आंब्याचा बुंधा जमिनीला टेकतो तिथे तो फाकलेला असतो, मोठी मुळं वेगळी होऊन बाहेर निघताना दिसतात. ती जागा उघडी, कोरडी राहिली पाहिजे. मुळाची साल मातीत राहायला बनलेली आहे, खोडाची साल नाही. खोडावर ओली माती चढवली की साल मऊ पडते, कुजते, वाळवीला आत-बाहेर करायला झाकलेला रस्ता मिळतो, आणि भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, लागला तर त्याचा भुसा खाली पडलेला कुणाला दिसतच नाही. भिरूड वेळेवर सापडला तर तार घालून काढता येतो, मातीआड लपला तर तो आतून खोड पोखरून मोकळा होतो.

"पण वडाला पार असतोच ना?" हा प्रश्न इतक्या वेळा येतो की मी आता वाटच बघते.

असतो. पण वड-पिंपळाची तऱ्हाच वेगळी. वड फांदीवरून मुळं सोडतो, पिंपळ देवळाच्या कळसाच्या फटीत उगवतो. खोडावर माती आली तर ही झाडं त्या मातीत नवी मुळं काढून बसतात. शिवाय जुना पार नुसता दगडावर दगड रचलेला, सुका. त्याच्या फटींतून पावसाचं पाणी वाहून जातं, हवा आत येते, सरडेही राहतात. आताच्या कट्ट्याला बाहेरून गिलावा, वरून टाइल, आणि बुंध्यापर्यंत काँक्रीट. आंबा, फणस, काजू यांना वडासारखी सोय निसर्गाने दिलेली नाही. देवळापुढचा पार डोळ्यांपुढे ठेवून घरापुढच्या हापूसला तो बांधणं म्हणजे बदकाला पोहता येतं म्हणून कोंबडी विहिरीत सोडणं. दिल्लीत तर झाडांभोवतीचं काँक्रीट हा विषय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला, आणि 2013 साली झाडाभोवती निदान एक मीटर जागा काँक्रीट काढून मोकळी करा असा आदेश निघाला. आपल्याकडे जागा भरपूर, काँक्रीटची सक्ती कुणी केलेली नाही, तरी आपण हौसेने ओततो.

मागे एका घरी गेले होते. घरधनी पुण्याचे काका-काकू, दोघंही झाडांवर मनापासून प्रेम करणारे. अंगणात रायवळ आंबा, दोघांच्या कवेत मावणार नाही असा. शेंड्याकडच्या दोन-तीन फांद्या वाळलेल्या, बाकी पानं आकाराने बारीक आणि विरळ. गवंडी चिरे उतरवून बसलेला, दोन थर लागलेलेही होते.

"वैनी, पाराबिगर झाडाला शोभा नाय," गवंडी म्हणाला.

मी बुंध्याकडे बघत होते. खोड खांबासारखं सरळ मातीत गेलेलं. कुठे फाकलेलं नाही, एकही मूळ वर दिसत नाही. एवढ्या मोठ्या आंब्याचा बुंधा असा दिसला की समजायचं, खाली काहीतरी पुरलंय. काकूंना विचारलं तर कळलं, घराच्या जोत्यासाठी खणलेली माती कंत्राटदाराने झाडाभोवती पसरवून दिली होती, "झाडाला चांगली" म्हणून.

गवंड्याकडून थापी मागून घेतली आणि खोडाला लागूनच उकरायला बसले. पहिल्या वीतभरात माती, चुन्याचे आणि विटांचे तुकडे. मग एक आंबूस, उग्र वास. मग साल, पण हात लावला की बोटाखाली दबणारी, ओल्या पुठ्ठ्यासारखी नाही तर त्याहून मऊ. तिच्यातून सुतासारखी पांढरट मुळं बाहेर फुटलेली आणि खोडालाच वेढा घालून फिरलेली. वाळवीची मातीची नळी एका बाजूने वर गेलेली. कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा कुठे बुंधा फाकायला लागला. काका वाकून बघत होते. त्यांनी गवंड्याला सांगितलं, "दादा, आज राहू दे." गवंडीही बराच वेळ त्या भोकाकडे बघत उभा होता, मग म्हणाला, "म्हंजे आमी इतकी वर्सं झाडां गाडत होतांव?" मी काही बोलले नाही.

अशी पुरलेली झाडं उघडायची असतील तर पाऊस सरल्यावर, माती ओलसर पण चिकट नसते तेव्हा काम काढावं. कुदळ, फावडं, जेसीबी, सगळं लांब. खुरपं आणि हात. वरची भर थोडी थोडी करून बाहेर ओढायची, मोठी मुळं दिसायला लागली की थांबायचं. खोडाभोवती आवळत गेलेली बारीक मुळं कात्रीने कापून टाकायची. पण एक गोष्ट आपल्याकडे विसरून चालत नाही: बुंध्याभोवती नुसता खोलगट खळगा ठेवलात तर जुलैत त्यात तळं साचेल आणि आधीचं बरं होतं म्हणायची पाळी येईल. उताराच्या बाजूला पाणी निघायला चर हवाच, आणि तोही मुळं चुकवत. काकांच्या आंब्याचं काम आम्ही असंच केलं. झाड सुधारेल की नाही हे लगेच कळत नाही. मोठी झाडं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढतात आणि बरं होतानाही तेवढाच वेळ घेतात. म्हणूनच तर कट्टा बांधल्यावर चार-पाच वर्षांनी आंबा वाळला की लोक म्हणतात, "वीज पडली असेल", नाहीतर "नजर लागली".

आता वाफा कसा करायचा ते.

वाफा जमिनीच्या पातळीतच. बुंध्यापासून मोठ्या झाडाला चार-पाच फूट जागा पूर्ण मोकळी सोडते, तिथे काहीच लावत नाही. तिथून बाहेर, फांद्यांच्या सावलीच्या कडेपर्यंत आणि पलीकडेही, तुकड्या-तुकड्याने लावत जायचं. एकसंध गोल करायचा अट्टहास नको, मुळं जिथे जागा देतील तिथे. कड हवी असेल तर चिरे नुसते आडवे ठेवायचे, पाया नाही, सिमेंट नाही, दोन चिऱ्यांत बोटभर फट. हलवावेसे वाटले तर उचलून हलवता येतात.

गवत काढायला कुदळ मारायची नाही. विळ्याने जमिनीलगत कापायचं, वर जुनं तागाचं गोणपाट अंथरायचं आणि त्यावर पातेरा, म्हणजे वाळका पाला. पावसात गवत खाली गुदमरून मरतं आणि गोणपाटही कुजून जातं. प्लास्टिकची वीड मॅट मात्र नको, ती कुजत नाही आणि पाच वर्षांनी मुळं तिच्यात अडकलेली असतात.

झाडं लावताना माझं हत्यार म्हणजे मोडक्या छत्रीची काडी. जिथे लावायचं तिथे काडी हलक्या हाताने खुपसून बघायची. सरळ आत गेली तर जागा आहे. टक्क करून थांबली तर खाली मूळ नाहीतर दगड, दोन बोटं सरकायचं. मग खुरप्याच्या टोकाने माती सैल करून चहाच्या ग्लासाएवढा खळगा, शेवटची माती बोटांनी. पेन्सिलीएवढं मूळ लागलं तर बाजूला सारून त्याच्या कडेने लावायचं. अंगठ्याएवढं लागलं तर खळगा बुजवून दुसरीकडे जायचं. केसासारखी दोन-चार तुटली तर झाडाचं काही बिघडत नाही, त्याचा बाऊ नको. यासाठीच मी मोठ्या पिशवीतली, फुललेली झाडं घेत नाही. त्यांना बादलीएवढा खड्डा लागतो. कंद, बेणं, लहान रोपं, बस. गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी वाफा रिकामा वाटतो, तो वाटू द्यावा.

वरून भर घालायची ती चाळलेल्या, पूर्ण कुजलेल्या शेणखताची, इंचभर. त्यावर 2-3 इंच पातेरा, आणि तोही बुंध्याला चिकटवायचा नाही. पातेरा कुठून आणायचा असं मला एकदा विचारलं होतं, तेही आंब्याखाली उभं राहून! ज्याच्याखाली वाफा करतोय त्याचाच पाला. आपल्याकडे अंगण झाडून पाला एका जागी पेटवायची सवय, ती निदान झाडाखाली तरी सोडा. वरच्या मुळांना ती धग लागते. गावात भाताच्या तरव्याची जमीन भाजायला, भाजावळीसाठी, पातेरा मागायला कुणी आलं तर मी देते, पण आंब्याखालचा नाही.

काम करताना मी गुडघ्याखाली फळी घेते. ओल्या मातीवर चार माणसं दिवसभर वावरली तर ती वीटच होते. आणि काम केव्हा? मृगाची पहिली झोड ओसरली की. तेव्हा माती मऊ असते आणि पुढे तीन महिने पाणी फुकट. अडचण एकच, तेव्हा मजूर मिळत नाहीत, सगळे लावणीला. मग मी आणि माझी छत्रीची काडी.

आता पाण्याचं, आणि हे फक्त हापूसवाल्यांसाठी नीट वाचायचं. पाऊस गेल्यावर कलमाला कोरडं पडावं लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमीन सुकते, पुढे थंडी पडते, तेव्हा झाड मोहोराच्या तयारीला लागतं. त्या काळात खाली रोज पाईप चालू ठेवलात तर झाडाला वाटतं अजून पाऊसच आहे, आणि ते मोहोराऐवजी पालवी काढत बसतं. आमच्या घरी सासरे दसऱ्यानंतर कलमाखाली भांडं विसळलेलं पाणीसुद्धा टाकू देत नसत. लॉन आणि गुलाबाचे वाफे कलमाखाली करून "यंदा मोहोर कमी का" असं विचारणारे लोक मी बघितले आहेत.

म्हणून कलमाखालच्या वाफ्याला झाडंही अशी हवीत जी पावसात जगतील आणि दिवाळीनंतर झोपतील. त्यातली बरीचशी आपल्या रानातच सापडतात. भुईचाफा उन्हाळ्यात कोरड्या जमिनीतून थेट फुलं काढतो, पानं नंतर पावसात. रानहळद पावसाळाभर हिरवी आणि कणसासारख्या फुलोऱ्याची, मग गुडुप. पावसाळी लिली वळीव पडला की उघडते. तेरडा एकदा आला की दरवर्षी आपला आपण येतो आणि गौरीला फुलंही मिळतात. कळलावी फार देखणी, पण तिचा कंद विषारी, लहान मुलं असलेल्या घरी मी लावत नाही. सोनटक्का ओलीत माजतो, तो सावलीच्या कडेला, जिथे छपराचं पाणी पडतं तिथे लावते. यातलं काहीच दरवर्षी खणून काढावं लागत नाही, आणि तो मुद्दा महत्त्वाचा. हळद, आलं, सुरण, करांदे सावलीत येतात म्हणून लोक आंब्याखाली लावतात, पण ते काढायचे म्हणजे दरवर्षी पहार आली. हळद मला आवडते, पण ती परसात, मोकळ्यावर.

होमस्टेवाल्यांची पंचाईत मला कळते. गिऱ्हाईक येतं डिसेंबरात आणि मे महिन्यात, आणि माझा वाफा हिरवागार असतो तो जुलै ते सप्टेंबर, जेव्हा समुद्राला तोंड करून चहा पिणारं कुणी नसतं. दिवाळीनंतर वाफ्यात दिसतो नुसता पातेरा. एका वहिनींनी मला फोटो पाठवून विचारलं होतं, "सगळं मेलं का हो?" त्यावर माझा उपाय कुंड्या. चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर कुंडी, खाली थाळी, त्यात अबोली, शेवंती, काय हवं ते. पाणी कुंडीपुरतंच राहतं. पावसाळा आला की कुंड्या पडवीत. ज्यांना हे पटत नाही त्यांनी फुलांचा वाफा कलमाखाली न करता दहा पावलं पुढे उन्हात करावा, फुलं तिथे जास्तच येतील.

राहिला माड. त्याच्या बाबतीत वरचं बरंच उलटं करायचं. माडाला सोटमूळ नाही, जाड होत जाणारी मुळंही नाहीत. बुडातून दोरीसारखी सारख्याच जाडीची असंख्य मुळं निघतात, त्यातली बहुतेक सहा फुटांच्या आत. बुडाजवळ मुळं उघडी पडली तर माती ओढून झाकावी, नवी मुळं फुटतात. म्हणून तर माडाला आळं करून त्यात नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, अंथरायची पद्धत आहे, ती पाणी धरून ठेवतात. माड मधल्या काळात तहानलेला ठेवायचीही गरज नाही, उलट उन्हाळ्यात पाणी हवंच. मोठ्या माडांमध्ये मिरवेल, जायफळ, दालचिनी लावायची ती लाखीबाग आपल्या रत्नागिरीच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राची ओळखच आहे, तेव्हा माडाखाली काही येत नाही असं कुणी म्हणू नये. फक्त आळ्याच्या आत लावू नका. तिथे दरवर्षी खत घालायला माती हलवावी लागते. सहा फुटांच्या बाहेर लावा, आणि लावण्याआधी एकदा मान वर करून बघा. सुकलेली झावळी कुठे पडणार आहे तो अंदाज घेऊन मगच अननस कुठे आणि अबोली कुठे ते ठरवा. अननसावर झावळी पडली तर झावळीचं नुकसान होतं, अबोलीवर पडली तर मला फोन येतो.